नऊ पिना आणि सर

"सर म्हणाले," ही म्हणाली, आणि माझा घास तोंडातच थांबला.

त्या दिवसांत आमच्या घरातलं कुठलंही वाक्य याच दोन शब्दांनी सुरू व्हायचं. सर म्हणाले, पडद्याकडे सतत बघू नका, अधूनमधून हिरव्या झाडाकडे बघा. सर म्हणाले, चहातली साखर निम्मी करून बघा, चहा जास्त लागतो. हे सर म्हणजे हिच्या शाळेत नव्याने आलेले संगणकाचे शिक्षक. ही त्याच शाळेत विज्ञान शिकवते. मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागात आहे. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि संध्याकाळी घरी आलो की सर काय म्हणाले ते ऐकायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली; "आमचे हे म्हणाले" असं वाक्य हिने शिक्षकांच्या खोलीत एकदा तरी उच्चारलं असेल का, हा प्रश्न मी घासाबरोबर गिळला.

"काय म्हणाले सर?" मी विचारलं. आवाज शक्य तितका कोरडा ठेवला.

"यंत्रांचं काहीतरी करता येईल म्हणाले."

यंत्रं म्हणजे हिचा जीव की प्राण. हातात मावणारी, टीव्हीच्या रिमोटएवढी पण जाडसर, एका बाजूने वायरीला बांधलेली धातूची सळई. सळई पाण्यात बुडवायची, यंत्र तापमान मोजत राहतं. यंत्र संगणकाला जोडलं की पडद्यावर रेष सरकायला लागते. पाणी तापलं, रेष वर. गार झालं, रेष खाली. जी मुलं पुस्तक उघडल्यावर जांभई देतात तीच त्या रेषेसमोर तोंड उघडं टाकून बसतात, असं हिचं म्हणणं. ही यंत्रं हिने कधीकाळी कुठल्याशा विज्ञान प्रकल्पातून, खेटे घालून शाळेसाठी मिळवली होती. आता शाळेत नवे संगणक आले होते. यंत्राच्या वायरीचं तोंड जुन्या पद्धतीचं, चांगलं रुंद, नऊ पिनांचं, दोन्ही बाजूंना घट्ट पिळायचे स्क्रू. आणि नव्या संगणकांना सगळीकडे नुसत्या यूएसबीच्या अरुंद फटी. हत्तीला उंदराच्या बिळात पाठवण्यातला प्रकार. मुख्याध्यापिकाबाईंनी सांगून टाकलं होतं, "तपासणीच्या दिवशी चालवून दाखवा. चालली तर राहतील, नाहीतर सगळी भंगारात."

"त्यात काय एवढं?" मी म्हणालो. "मी जोडून देतो."

हिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आश्चर्य असतं तर मला चाललं असतं. काळजी होती, ते लागलं.

"अहो, सर करतायत ना..."

"सरांना कशाला त्रास? त्यांना झाडाकडे बघायचं असेल."

दुसऱ्या दिवशी एक यंत्र, त्याची वायर, शाळेचा एक नवा संगणक, आणि यंत्र चालवायला शाळेने जपून ठेवलेली सीडीची तबकडी असं सगळं आमच्या जेवणाच्या टेबलावर आलं. मी ऑफिसमधून परस्पर संगणकाच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानात गर्दी होती. मी वायरीचं तोंड दाखवून म्हणालो, "याला यूएसबी करणारं काहीतरी द्या."

दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "नर की मादी?"

"काय?"

"नर पाहिजे की मादी?" तो आणखी मोठ्याने म्हणाला. शेजारी उभ्या असलेल्या दोन बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या. माझ्यासारख्या संसारी माणसाने भर दुकानात या प्रश्नाला काय उत्तर द्यावं? मग कळलं की पिना बाहेर असलेलं तोंड नर आणि भोकं असलेलं मादी. हे शास्त्र मला कुणीही शिकवलं नव्हतं. गडबडीत मी "नर" म्हणालो आणि इज्जत वाचवून निघालो. घरी येऊन बघतो तर माझ्याकडचंही नरच. पिनांसमोर पिना. दोघं एकमेकांकडे रोखून बघत होते. मी आणि सर समोरासमोर आलो तर असंच दिसेल, असं मला वाटून गेलं.

बदलायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "उघडलेलं पाकीट परत घेत नाही." म्हणून मी दुसरं घेतलं. या वेळी "मादी" इतक्या ठणकावून म्हणालो की त्या बायका असत्या तर पळून गेल्या असत्या.

हे जुळलं. वायर संगणकात गेली. मी तबकडीतली प्रणाली घातली, बटण दाबलं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: यंत्र सापडत नाही. यंत्र माझ्या हातात होतं. संगणकाच्या नाकासमोर धरून मी ते हलवलंसुद्धा.

"सापडत नाही म्हणतंय?" भिंतीपलीकडून आवाज आला. हे शेजारचे काका. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. आमच्या घरात पंखा जरी कुरकुरला तरी ते पलीकडून निदान करतात. बोलता बोलता ते आत आलेच. वायर हातात घेऊन वजन करावं तशी त्यांनी ती तोलली.

"अरे, साधी गोष्ट आहे. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला पाहिजे. इथे तोंड तोंडाला लागलंय, दोघंही बोलतायत, ऐकणार कोण? दोन नंबरची तार तीनला आणि तीनची दोनला. मी आयुष्यभर हेच केलं."

"पण काका, ही वायर आधी चालत होती."

"आधी काय, मीही आधी पळत होतो."

एवढं बोलून काकांनी घरून तारा डाग देऊन जोडायची सळई आणली. त्यांनी नऊ पिनांचं तोंड उघडलं. एक स्क्रू टपकन खाली पडला आणि टेबलाखालून कुठे गेला तो गेलाच. मी झाडू घेऊन शोधला, आईने चष्मा लावून शोधला. दुसरा स्क्रू काकांनी इतका पिळला की त्याचे आटे गेले. तारा उलट्या केल्या. यंत्र सापडलं नाही. सुलट्या केल्या. तरी नाही. "मग दोष यंत्रात आहे," असं जाहीर करून काका जेवायला गेले. तोंड परत बंद झालं, पण म्हाताऱ्याच्या कवळीसारखं जरा सैल बसायला लागलं.

हे सगळं हिला सांगायचं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने सांगितलं. आणि पाठोपाठ आणखी एक बातमी दिली.

"तुझे ते सर येऊन गेले दुपारी," आई हिला म्हणाली. "कसला गुणी माणूस! चपला बाहेर काढून, नीट ओळीत ठेवून आत आला. मी चहा दिला. सोनेरी काठाच्या कपात."

सोनेरी काठाचे कप आमच्याकडे कपाटाच्या वरच्या फळीवर असतात. माझा साखरपुडा झाला त्या दिवशी मला त्यातून चहा मिळाला होता. त्यानंतर नाही.

"कशाला आले होते?" मी विचारलं.

"यंत्र बघायला. एक मिनिट बघितलं त्यांनी. म्हणाले, सगळं बरोबर केलंय, फक्त नंबर बदलायला हवा. काहीतरी दार का काय."

ही लगेच म्हणाली, "हो, मलाही म्हणाले. ही प्रणाली जुनी आहे, ती संगणकाची फक्त पहिली चार दारं, म्हणजे पोर्ट, ठोठावते. तुमची वायर अकराव्या दारावर बसलीय. सेटिंगमध्ये जाऊन अकराचं तीन करा म्हणाले, की झालं."

सगळं बरोबर केलंय! एखाद्याने चुका तरी काढाव्यात. चुका काढल्या असत्या तर भांडता आलं असतं. हा माणूस माझ्याच घरात, माझ्याच आईच्या हातचा चहा पिऊन, माझं कौतुक करून गेला होता. याहून मोठा अपमान मी तक्रार विभागातही सोसलेला नाही.

"मला नाही पटत," मी म्हणालो.

"काय नाही पटत?"

"हे दारं बदलणं. तात्पुरता इलाज आहे. मुळावर घाव घातला पाहिजे."

"म्हणजे काय करणार?"

मला तरी कुठे माहीत होतं? पण बोलून बसलो होतो. तेव्हा मला आमच्या ऑफिसातला जुना संगणक आठवला. बाद झालेला, मागच्या भांडारात पडलेला, पण मागे नऊ पिनांची खरीखुरी, सख्खी जागा असलेला. यूएसबी नको, दारं नकोत, सर नकोत. तोच शाळेत नेऊन ठेवायचा.

आमचे भांडारपाल गेली कित्येक वर्षं त्याच संगणकावर पाय ठेवून बसतात. माझं म्हणणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"देता येणार नाही."

"का? बादच झालाय ना?"

"म्हणूनच. कागदोपत्री हा संगणक अस्तित्वात नाही. जे नाही ते मी देणार कसं?"

"मग मी नुसता उचलून नेतो."

"नेलात तर तो होता असं सिद्ध होतं. मग मी इतकी वर्षं काय सांभाळलं याची चौकशी लागेल." त्यांनी पाय दुसऱ्या बाजूने ठेवले. "तुम्ही एक करा. आधी तो अस्तित्वात आहे असं मंजूर करून घ्या. मग उसना मागा. मग परत बाद करून घ्या."

मी मोठ्या साहेबांकडे गेलो. साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "शाळेला संगणक कशाला?"

"बर्फ वितळवायला," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं होतं, तपासणीला ही बर्फ वितळवून त्याचीच रेष दाखवणार होती; पण साहेबांनी मला बसायला सांगून पाणी दिलं, आणि रजा हवी आहे का असं फार मायेने विचारलं. ती मी घेतली. निदान तपासणीच्या दिवशी शाळेत हजर राहता येणार होतं.

आदल्या संध्याकाळी घरी कुणी नाही असं बघून मी संगणक उघडला. खिडकीचा पडदा ओढला. काकांकडच्या भिंतीला कान लावून खात्री केली. मग सेटिंगमध्ये गेलो आणि अकराचं तीन केलं.

रेष आली. यंत्राची सळई मी तळहातात धरली, रेष वर चढली. माझ्या अंगातल्या उबेची रेष! मी क्षणभर सगळं विसरलो. इतकी सुंदर गोष्ट मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. तेवढ्यात वायरीला धक्का लागला, सैल तोंड हललं आणि रेष नाहीशी झाली. तोंड अंगठ्याने दाबून धरलं, आली. सोडलं, गेली.

ही घरी आल्यावर मी म्हणालो, "झालं. जोडलं."

"अय्या! नंबर बदललात?"

"मुळावर घाव घातला," मी म्हणालो. "फक्त तोंड जरा सैल आहे. मी उद्या येतो बरोबर."

तपासणीच्या दिवशी मी सरांना पहिल्यांदा पाहिलं. मनात मी त्यांना टक्कल दिलं होतं, पुढे आलेले दात दिले होते, एकदा तर तोतरेपणाही दिला होता. यातलं काहीही त्यांनी घेतलेलं नव्हतं. उंच माणूस, दाट केस, इस्त्रीचा शर्ट, आणि हसले की समोरच्यालाही हसू यावं असे दात. मी हसलो नाही.

"तुम्हीच ना? मॅडम फार सांगतात तुमच्याबद्दल," ते म्हणाले.

"काय सांगतात?"

"की तुम्ही एखादी गोष्ट मनावर घेतली की सोडत नाही."

हे कौतुक की तक्रार, याचा निकाल लागायच्या आत मुख्याध्यापिकाबाई तपासणी अधिकाऱ्यांना घेऊन दारात आल्या. टेबलावर जमिनीपर्यंत लोळणारं निळं कापड घातलं होतं. वर संगणक, बर्फाचं भांडं, भांड्याखाली विजेची शेगडी, आणि यंत्र. सरांनी वायर संगणकात घातली. रेष आली. सरांनी हात काढला. रेष गेली.

हिने माझ्याकडे पाहिलं. या वेळी नजरेत काळजी नव्हती. सरळ हाक होती.

मी टेबलाखाली गेलो.

कसा गेलो ते विचारू नका. पोट आणि गुडघे यांचं त्या बाबतीत कधीच एकमत होत नाही. वायर मी खाली ओढून घेतली, सैल तोंड अंगठा आणि बोट यांच्यात धरलं, दाबलं. वर कुणीतरी "आली, आली" म्हणालं. कापड खाली पडलं आणि मी निळ्या अंधारात बसलो. समोर अधिकाऱ्यांचे काळे बूट. बाजूला सरांचे. त्यांना पॉलिशसुद्धा होतं.

वर हिचा आवाज सुरू झाला. मी हिला शिकवताना कधी ऐकलं नव्हतं. घरी ही दूधवाल्याशी बोलते, आईशी बोलते, माझ्याशी मोजकं बोलते. इथे ही वेगळीच होती. हिचा आवाज भरदार झाला होता, त्याला कुठलीही घाई नव्हती. हा आवाज रोज ऐकणाऱ्या त्या सगळ्या मुलांचा, शिपायांचा, सरांचा मला एकदम मत्सर वाटला.

बराच वेळ गेला. मग अधिकाऱ्यांचा आवाज आला. "रेष हलत नाही. बंद पडलं वाटतं?"

मी तोंड आणखी दाबलं. अंगठ्याचं नख पांढरं पडलं. तरी वरून कुणीच "हलली" म्हणेना. मी श्वास रोखला.

"नाही साहेब," ही शांतपणे म्हणाली. "शेगडी चालू आहे, पण बर्फ पूर्ण वितळेपर्यंत तापमान हलत नाही. उष्णता आत जातेय. वरून दिसत नाही, पण सगळं काम तिचंच चाललंय. थांबा जरा."

सगळे थांबले. सगळ्यात जास्त मी थांबलो. पायाला मुंग्या आल्या, नाकावर घाम आला, तो पुसायला मोकळा हात होता पण हलायची हिंमत नव्हती. आणि मग मुलांचा एकच ओरडा झाला. रेष चढायला लागली होती.

टाळ्या वाजल्या. अधिकारी म्हणाले, "उत्तम! इतकं जुनं यंत्र नव्या संगणकाला जोडलं कुणी?"

मी डोळे मिटले. आता 'सर' म्हणणार. म्हणू दे.

"आमच्या ह्यांनी," ही म्हणाली.

"अरे वा! कुठे आहेत?"

"टेबलाखाली."

कापड वर झालं. बूट वाकले, आणि अधिकाऱ्यांचा उलटा चेहरा आत आला. त्यामागे मुख्याध्यापिकाबाईंचा. त्यामागे मुलांचे, एकावर एक. "या, बाहेर या, अभिनंदन करू द्या," अधिकारी म्हणाले.

"सोडलं तर रेष जाईल," मी म्हणालो.

इतक्या दिवसांत ज्याच्यासाठी जीव टाकला तो मान समोर उभा होता आणि तो घ्यायला मला बाहेर येता येत नव्हतं. शेवटी मी मोकळा डावा हात कापडाखालून बाहेर काढला. अधिकाऱ्यांनी तो हलवला. बाईंनी हलवला. मुलांनी रांग लावली.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूने कापड उचलून सर आत सरकले. शर्टाची इस्त्री मोडली तरी त्यांनी पर्वा केली नाही. "दादा, द्या इकडे. मी धरतो. तुम्ही जा बाहेर, टाळ्या घ्या. तुमचा मान आहे."

इतक्या भल्या मनाने म्हणाले की मला हलवून गेलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं.

"नको," मी म्हणालो. "मीच धरतो."

पाणी उकळेपर्यंत मी धरलं. यंत्रं राहिली. तपासणीच्या अहवालात शेरा आला: 'उपकरणे सुस्थितीत. जोडणीची व्यवस्था समाधानकारक.' मुख्याध्यापिकाबाईंनी तो शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवला. ती व्यवस्था म्हणजे मी. आमच्या खात्यातही माझ्याबद्दल इतका चांगला शेरा कुणी लिहिलेला नाही.

दोन दिवस अंगठा सरळ झाला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना ही म्हणाली, "सर म्हणाले..."

माझा घास थांबला. सवय.

"म्हणाले, नवा स्क्रू आणलाय. दोन मिनिटांत बसवतो, मग धरायला कुणी लागायचं नाही."

मला काय वाटलं ते सांगायला लाज वाटते. आजवर मी माणसाचा मत्सर केला होता. पण त्या क्षणी मला एका बोटाच्या पेराएवढ्या लोखंडी स्क्रूचा मत्सर वाटला. माझी जागा घ्यायला निघाला होता तो.

"बरोबर आहे त्यांचं," मी ताटात बघत म्हणालो. "घ्या बसवून. मग, बसवला?"

"नाही." हिने माझ्या ताटात भात वाढला. "मी म्हटलं, राहू द्या सर. त्याला आमच्या घरी माणूस आहे."